पद्मिनीत ब्लूटूथ स्टिरिओ: शिट्टी, रीसेट आणि तापणारा फ्यूजबॉक्स

पद्मिनी_७८

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. डायनॅमो मूळचाच, इग्निशन पॉइंटवालं (कॉइलचा करंट तोडणाऱ्या-जोडणाऱ्या संपर्कांचं), बॅटरी १२ व्होल्ट, निगेटिव्ह बॉडीला. डॅशबोर्ड कापायचा नव्हता, म्हणून सीडी नसलेला, कमी खोलीचा ब्लूटूथ-यूएसबी सेट डॅशच्या खाली पट्टी मारून बसवून घेतला. मागच्या काचेखालच्या फळीवर चार ओहमचे दोन स्पीकर आहेत. दुकानदाराने सेटची लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून फ्यूजबॉक्समधून दिली आहे. काळी वायर डॅशच्या स्क्रूखाली आहे. उजव्या स्पीकरला गाडीतली जुनीच वायर वापरली आहे.

त्रास असे:

१. रेस वाढवली की ब्लूटूथवरही स्पीकरमधून शिट्टी येते आणि रेसबरोबर चढत जाते. फोन चार्जरला लावून ऑक्सची वायर जोडली तर जास्तच.
२. एफएमवर टिकटिक. ब्लूटूथवर ती येत नाही.
३. सेल्फ मारला की सेट बंद पडतो. घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं पुसली जातात.
४. रात्री पावसात सिग्नलला उभं राहिलं, हेडलाइट आणि वायपर चालू असले, की गाणं तुटतं.
५. सेटचा आठ अँपिअरचा फ्यूज उडत नाही, पण फ्यूजबॉक्सची ती जागा हात लावता येणार नाही इतकी तापते. प्लास्टिक पिवळं पडलंय.
६. आवाज वाढवला की उजवा स्पीकर मधूनच बंद होतो.

दुकानदार म्हणतो, "फिल्टर टाका, सगळं जाईल." टाकू का? की सरळ अल्टरनेटर बसवून घेऊ?

तारवाला

दोन्ही आत्ता नको. सहा त्रासांपैकी निदान चार वायरिंगचे दिसतायत, आणि फिल्टरने वायरिंग सुधारत नाही.

सगळ्यात आधी पाचवा, कारण त्यात आगीचा धोका आहे. पद्मिनीत फियाटच्या पद्धतीचे दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज असतात. ते पितळी पट्ट्यांच्या ताणावर धरलेले राहतात. चाळीस वर्षांत त्या पट्ट्या ढिल्या आणि काळ्या पडतात. समजा तिथे ०.१ ओहम अडथळा तयार झाला आणि सेट सहा अँपिअर ओढतोय, तर त्या टोकाशी ३.६ वॅट उष्णता सतत निघते. करंट आठच्या खाली असल्यामुळे फ्यूज उडण्याचं कारणच नाही. म्हणून मोठा फ्यूज टाकणे हा उपाय नव्हे, त्याने धोका वाढतो. बॅटरीची वायर काढा, पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, पकडीने किंचित आत दाबा, फ्यूज नवे घाला. आणि सेटचा मुख्य भार त्या बॉक्समधून कायमचा काढून टाका.

तो असा काढायचा. २.५ चौरस मिलिमीटरची लाल, बारीक तारांची ऑटो वायर घ्या. घरातल्या फिटिंगची जाड तारेची नको, ती हादऱ्याने आत तुटते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ही वायर थेट सेटच्या पिवळ्या वायरला न्या. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत पाणी न शिरणारा फ्यूज-होल्डर लावा. सेटच्या पाठीवर दहाचा फ्यूज असेल तर इथे पंधराचा ठेवा. हा फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो सेटजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच राहिली. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट हवाच, पत्र्याची कड वायरचं आवरण कापते.

२.५ का, तर तीन मीटर वायरमध्ये १० अँपिअरला साधारण ०.२ व्होल्ट पडतो. एक चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये तोच अर्ध्या व्होल्टच्या वर जातो.

सेटची लाल वायर पिवळीपासून वेगळी करा. लाल म्हणजे सेटला 'चालू हो' सांगणारी, तिच्यातून जवळपास करंट जात नाही. ती किल्लीनंतरच्या लाइनवर एक-दोन अँपिअरच्या फ्यूजने द्या. पिवळी थेट बॅटरीवर असली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जाणार नाहीत. सेल्फ मारताना सेट क्षणभर बंद होईल, तो झाला तरी चालतो.

इथे पॉइंटवाल्या गाडीची एक गोम आहे. इंजिन बंद ठेवून, नुसती किल्ली फिरवून गाणी ऐकत बसू नका. पॉइंट मिटलेल्या जागी थांबले असतील तर कॉइलमधून तीन-चार अँपिअर सतत वाहतात. कॉइल तापते, पॉइंट जळतात, आणि दोष मात्र स्टिरिओवर येतो. उभ्या गाडीत ऐकायची सवय असेल तर लाल वायरला बॅटरीवरून फ्यूज लावून डॅशखाली वेगळं छोटं बटण द्या. बंद करायला विसरलात तर सकाळी धक्का मारावा लागेल, एवढं लक्षात ठेवा.

काळी वायर डॅशच्या स्क्रूवरून काढा. तो स्क्रू रंगावर बसलेला असतो, आणि डॅश बॉडीला किती नीट चिकटलाय कोण जाणे. फायरवॉलच्या एखाद्या बोल्टखाली रंग खरवडून उघडा पत्रा करा, रिंग-लग क्रिम्प करून दातेरी वॉशरसह कसा, वरून ग्रीस लावा. ही वायरही २.५ चीच.

हे करण्याआधी मात्र मीटर लावून खालचे आकडे इथे टाका, म्हणजे नंतर फरक कळेल:

– इंजिन बंद असताना आणि सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर किती
– सेल्फ मारताना सेटच्या पिवळ्या वायरवर किती
– सेल्फ मारताना इंजिनचा धातू आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्यामध्ये किती
– गाडी उभी, हेडलाइट आणि वायपर चालू, सेट मोठ्याने: बॅटरीवर किती, पिवळ्यावर किती
– मध्यम रेसला बॅटरीवर किती

मीटरची टोकं बॅटरीच्या खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नको. क्लॅम्पखालचा गंज आकड्यात दिसायला हवा.

साउंडचेक

उजव्या स्पीकरबद्दल. हा त्रास जुन्या वायरिंगमध्ये नेहमीचा आहे आणि सेटचा आयसी (ॲम्प्लिफायरची चिप) यातच जातो.

जुन्या रेडिओत स्पीकरची एक वायर बॉडीला जोडलेली चालत असे. आताच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर ॲम्प्लिफायर असतो. सेट चालू असताना मीटरची काळी पिन बॉडीला आणि लाल पिन स्पीकरच्या कुठल्याही टोकाला लावून बघा, दोन्हीकडे सहा-सात व्होल्ट दिसतील. त्यातली एक वायर बॉडीला लागली की आयसी स्वतःला वाचवायला आउटपुट बंद करतो. किंचित गळती असेल तर हळू आवाजात चालतं आणि वाढवलं की बंद होतं. तुमच्याकडे हेच दिसतंय.

तपासायला सेटच्या मागचा प्लग काढा आणि स्पीकरची प्रत्येक वायर ओहमवर बॉडीशी मोजा. काहीही आकडा आला तर ती वायर बाद. जुनी वायर काढून डिकीपर्यंत नवी जोडी टाका, एक चौरस मिलिमीटर पुरते. दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून नेली तर सीटच्या रुळाखाली चिरडत नाही. फळीवरच्या स्पीकरची टोकं पत्र्याला टेकत नाहीत ना, तेही बघा.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सेटचे रंग असे: पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असलेली वायर म्हणजे त्या स्पीकरचा मायनस. निळी किंवा निळी-पांढरी वायर अँटेनाच्या मोटरसाठी किंवा बाहेरच्या ॲम्प्लिफायरला इशारा देण्यासाठी असते. वापरात नसेल तर टोक टेपने बंद करा, उघडं लोंबू देऊ नका. स्वस्त सेटमध्ये रंग बदललेले सापडतात, तेव्हा खोक्यावरचा तक्ता एकदा वाचाच.

कार्ब्युरेटर

आता आवाज. शिट्टी आणि टिकटिक हे दोन वेगळे आजार आहेत, एकाच औषधाने जात नाहीत.

टिकटिक फक्त एफएमवर आहे, म्हणजे ती इग्निशनची, हवेतून अँटेनात शिरणारी. प्लगच्या वायरी तांब्याच्या गाभ्याच्या असतील तर प्रत्येक ठिणगी एक छोटं प्रसारण केंद्र असते. पाच किलोओहमच्या रेझिस्टर कॅप लावा, किंवा कार्बन गाभ्याच्या वायरी घ्या, किंवा ज्यांच्या नंबरात 'आर' अक्षर आहे असे रेझिस्टर प्लग घ्या, पण उष्णतेचा नंबर आत्ताच्या प्लगचाच ठेवा. तिन्ही एकदम घालू नका, नाहीतर पावसाळ्यात थंड इंजिन सुरू करताना ठिणगी कमजोर पडल्याची तक्रार घेऊन परत याल. डिस्ट्रिब्यूटर कॅपमधला कार्बनचा दट्ट्या झिजला असेल तरी टिकटिक वाढते.

मग अँटेना. बुडाशी रंग खरवडून मडगार्डच्या पत्र्याला पक्का जोड हवा. प्लग सेटमधून काढून मोजा: मधली पिन ते अँटेनाची काडी एक ओहमच्या आत, मधली पिन आणि बाहेरचं कडं यांच्यात काहीच नाही, कडं आणि बॉडी पुन्हा एक ओहमच्या आत. बॉनेटला बॉडीशी जोडणारी छोटी विणलेली पट्टी लावली तरी एफएमवर फरक पडतो, कारण बिजागरी ग्रीस आणि रंगामुळे नीट जोड देत नाही.

शिट्टी ब्लूटूथवरही येते, म्हणजे ती वायरीतून येतेय. आवाज शून्यावर आणा. शिट्टी तशीच राहिली तर ती वीजपुरवठ्यातून किंवा अर्थिंगमधून येते. आवाजाबरोबर कमी-जास्त झाली तर ऑक्सच्या वाटेने. फोन चार्जरवर असताना ऑक्स लावला की फोनला दोन ठिकाणी अर्थ मिळतो, एक चार्जरमधून आणि एक सेटमधून. त्या दोन अर्थांत जरासा व्होल्टेजचा फरक असला की शिट्टी ऐकू येते. उपाय फुकटचा आहे, ब्लूटूथ वापरा.

डायनॅमोच दोषी आहे का, हे बघायला त्याची 'एफ' ही बारीक वायर काढून टोकाला टेप लावा आणि इंजिन चालवा. फील्ड (आतलं चुंबकत्व) नाही म्हणजे डायनॅमो वीज तयार करत नाही. चार्जिंगचा दिवा लागेल, ते ठीक आहे. शिट्टी गेली तर उगम सापडला. फियाटच्या खुणा असलेल्या डायनॅमोवर 'डी'च्या (जाड वायरीच्या) जागी ५१ आणि 'एफ'च्या जागी ६७ लिहिलेलं असतं.

पुणे_रेडिओ

एवढं कशाला? एक चांगला नॉइज फिल्टर आणि चार कंडेन्सर: डायनॅमोच्या दोन्ही टोकांना एकेक, कॉइलच्या दोन्ही टोकांना एकेक. दोनशे-तीनशे रुपयांत काम.

सेट अमेरिकेहून आणलेला असेल तर सेटिंगमधला विभागही बदला. तिकडचे सेट ०.२ मेगाहर्ट्झच्या उड्या मारतात आणि फक्त विषम दशांशावर थांबतात. पुण्याचं विविध भारती १०१.० वर आहे, ते नीट लागणारच नाही.

कार्ब्युरेटर

विभागाचं बरोबर. कंडेन्सरचं मात्र अर्धं चूक आहे, आणि त्या अर्ध्याने गाडी बंद पडेल.

डायनॅमोला कंडेन्सर फक्त 'डी'ला, म्हणजे जाड वायरीच्या टोकाला. एक मायक्रोफॅरड, धातूच्या डबीचा, गाडीसाठीच बनवलेला. डबी डायनॅमोच्या अंगावरच स्क्रूने कसायची. 'एफ'ला कधीही नाही. कटआउटच्या (डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचच्या) डबीतला रेग्युलेटर 'एफ'चाच प्रवाह सेकंदाला कित्येकदा तोडतो-जोडतो. तिथे कंडेन्सर बसवला की प्रत्येक वेळी तो त्या संपर्कांमधून रिकामा होतो, संपर्क जळतात आणि चार्जिंगचा आकडा भरकटतो.

कॉइलला कंडेन्सर किल्लीकडून येणाऱ्या टोकाला. डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या टोकाला नाही. पॉइंटसाठी साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आधीच डिस्ट्रिब्यूटरवर आहे. त्याच वाटेवर एकचा आणखी लावलात तर ठिणगीच मरते.

तारवाला

फिल्टरबद्दलही सांगून टाकतो. पिवळ्या वायरीवरचा फिल्टर किमान १० अँपिअरचा आणि सेटच्या जवळ हवा. दोन-तीन अँपिअरची स्वस्त डबी मोठ्या आवाजाला स्वतःच व्होल्टेज खाते. 'ग्राउंड लूप आयसोलेटर' म्हणून जी डबी मिळते ती ऑक्स किंवा आरसीएच्या वाटेसाठी असते. काही जण ती स्पीकरच्या वायरीत घालतात, तिथे तिचा उपयोग नाही.

फिल्टर घेण्यापूर्वी ही चाचणी करा: यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी सीटवर ठेवा. सेटच्या पिवळ्या, लाल आणि काळ्या तिन्ही वायरी गाडीपासून सोडवून तिच्यावर द्या, मध्ये फ्यूज घालून. अँटेनाचा प्लग काढा आणि सेटचा धातू पट्टीला टेकू देऊ नका, नाहीतर गाडीची अर्थ त्या वाटेने परत येते. आता इंजिन चालवून रेस द्या. शिट्टी नाही, म्हणजे सेट आणि स्पीकर निर्दोष. मग एकेक जोड परत लावत जा. ज्या जोडाला शिट्टी परत येईल, तीच तिची वाट.

पद्मिनी_७८

आकडे, बदल करण्याआधीचे:

– इंजिन बंद: १२.५. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.२, पिवळ्यावर ७.८
– सेल्फ मारताना इंजिन ते बॅटरी निगेटिव्ह: ०.९
– उभी गाडी, हेडलाइट, वायपर, सेट: बॅटरीवर ११.९, पिवळ्यावर १०.८
– मध्यम रेस: १४.१

उजव्या स्पीकरची मायनस वायर बॉडीशी ४० ओहम दाखवतेय.

तारवाला

बॅटरी आणि कटआउट ठीक आहेत. १०.२ चांगला आकडा आहे, ९.६ च्या खाली गेला असता तर बॅटरीवर संशय घेतला असता. मध्यम रेसला १४.१ म्हणजे डायनॅमो काम करतोय.

उभ्या गाडीत बॅटरी ते सेट १.१ व्होल्ट वाटेत हरवतोय. तो फ्यूजबॉक्स आणि किल्लीचा स्विच खातायत. बहुतेक सेट दहा-अकरा व्होल्टच्या खाली बंद होतात. १०.८ वर ड्रमचा ठोका आला की आकडा आणखी खाली जातो आणि गाणं तुटतं. वर सांगितलेली थेट वायर टाकली की तिसरा, चौथा आणि पाचवा त्रास मिळून सुटायला हवेत.

०.९ हा आकडा स्टिरिओचा नसला तरी सोडू नका. इंजिन आणि बॉडी यांच्यातली विणलेली पट्टी हिरवी पडली असणार. इथे ०.२ च्या वर नको. पट्टी फारच खराब झाली की सेल्फचा करंट चोकच्या केबलमधून परतायला लागतो. चोकची तार गरम लागली तर हेच कारण. नवी पट्टी टाका, दोन्ही टोकांचा रंग काढा.

४० ओहमवाली वायर आजच सोडवा. तोवर उजवा स्पीकर बंद ठेवा.

घाटातला

अल्टरनेटरच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. हिशेब करून ठरवा. दोन ४५ वॅटचे हेडलाइट साडेसात अँपिअर, टेल आणि मीटरचे दिवे दीड-दोन, कॉइल तीन-चार, वायपर तीनच्या आसपास, सेट मध्यम आवाजाला दोन-तीन. एकूण सतरा ते वीस. त्या काळातल्या डायनॅमोची कमाल बाविसाच्या आसपास, तीही चांगल्या रेसला. आयडलला जवळपास शून्य. चार्जिंगचा दिवा मिणमिणतो तेव्हा सगळा भार बॅटरीवर असतो. म्हणजे हायवेवर गाडी कशीबशी जमवते, पण मुंबईच्या पावसात तासभर रखडलात तर बॅटरी निम्म्या क्षमतेला येते.

दोन स्पीकर आणि सेटमधलाच ॲम्प्लिफायर एवढंच असेल तर डायनॅमो ठेवा. सबवूफर किंवा वेगळा ॲम्प्लिफायर घालायचा असेल तर अल्टरनेटर आधी. तेव्हा पुली आणि पट्टा एका रेषेत आणा, जुना कटआउट वाटेतून पूर्ण काढा, बॅटरीकडची वायर ६ चौरस मिलिमीटर करा. चार्जिंगचा दिवा जुन्या तारेच्या बल्बचाच ठेवा, अल्टरनेटर त्याच बल्बमधून जागा होतो. तिथे एलईडी घातला तर सुरुवातीला चार्जिंगच होत नाही. मूळ भाग मात्र डबीत जपून ठेवा. डायनॅमो नीट चालतोय तोवर मी तरी तो काढणार नाही.

गाडी महिनाभर उभी राहते का? दहा मिलिअँपिअर ओढणारा सेट महिन्यात सात एएच खातो. ३५ एएचच्या बॅटरीला ते जाणवतं. मोठा पडदा असलेले स्वस्त अँड्रॉइड सेट बंद असतानाही याच्या कितीतरी पट ओढू शकतात, मोजून बघा.

मॉरिस_मायनर

धागा पळवत नाही, पण याच विषयात: १९५६ची मॉरिस मायनर, पॉझिटिव्ह बॉडीला आहे. हा सेट चालेल?

तारवाला

सरळ लावू नका. सेटची धातूची पेटी आणि अँटेनाचं कडं दोन्ही आतून निगेटिव्ह असतात. पट्टीला स्क्रू मारला की शॉर्ट.

गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेणं सोपं आहे. बॅटरीच्या वायरी सोडवा. कॉइलच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करा. अँपिअर-मीटर असेल तर त्याच्याही. बॅटरी फिरवून ठेवा. तिचे दोन खांब वेगवेगळ्या जाडीचे असतात, म्हणून क्लॅम्प बदलावे लागतील. बॉडीची वायर निगेटिव्हला जोडा, पॉझिटिव्ह अजून नको. आता डायनॅमोच्या 'डी' आणि 'एफ' दोन्ही वायरी काढा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक सुटी वायर 'एफ'च्या टोकाला क्षणभर टेकवा, दोन-तीनदा. छोटी ठिणगी दिसेल. डायनॅमोतलं उरलेलं चुंबकत्व याने उलटतं. हे टाळून इंजिन सुरू केलंत तर डायनॅमो उलटी वीज देईल आणि कटआउटचे संपर्क चिकटतील. मग वायरी परत लावा आणि शेवटी पॉझिटिव्ह जोडा.

दिवे आणि सेल्फला फरक पडत नाही. नंतर कोणी कायम चुंबकाची मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर ते आधी तपासा. मोटर उलटी फिरेल, इग्निशन जळेल.

पद्मिनी_७८

थेट वायर, वेगळी लाल, नवा अर्थ, इंजिनची पट्टी आणि स्पीकरची नवी जोडी झाली. सेल्फ मारताना पट्टीवर आता ०.१. रीसेट गेले, फ्यूजबॉक्स थंड, दोन्ही स्पीकर नीट. उभ्या गाडीत पिवळ्यावर ११.७. रेझिस्टर कॅपने टिकटिकही गेली. शिट्टी बरीच कमी झाली, पण आहे. 'एफ' काढल्यावर पूर्ण जाते. 'डी'ला कंडेन्सर लावला, तरी बारीक राहिली.

कार्ब्युरेटर

मग डायनॅमो उघडा. शिट्टी ब्रशच्या ठिणग्यांची आहे. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) काळा किंवा खाचा पडलेला असेल. अगदी बारीक काचकागदाने, एमरीने नाही, गोल फिरवत साफ करा. एमरीची पूड वीजवाहक असते आणि फटीत अडकते. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांच्या बरोबरीला आला असेल तर तो सुमारे पाऊण मिलिमीटर खाली कोरून घ्यावा लागतो, ते वाइंडिंगवाल्याकडून करून घ्या. ब्रश आखूड झाले असतील तर जोडीने बदला आणि नवे ब्रश कम्युटेटरच्या गोलाईला घासून बसवा. मागच्या बुशला चार थेंब तेल द्या, जास्त नको, ब्रशवर उडतं.

पद्मिनी_७८

उघडतो. कंडेन्सर तसाच ठेवू ना?

कार्ब्युरेटर

हो, ठेवा. फक्त डबीखालचा रंग काढलाय ना, ते बघा.